दुसऱ्या अंकातली अंगाई

व्होटावांच्या घरात सामानाला सामानाची नावं नव्हती, ऑपेरेटांची, म्हणजे गाण्यानाचांच्या विनोदी नाटकांची होती. दिवाणखान्यातला हिरवा मखमली सोफा म्हणजे 'हुझाराची सासू'. जेवणाचं लांबलचक टेबल म्हणजे 'द्राक्षमळ्याची राणी', आणि कोपऱ्यातली पांढऱ्या फरश्यांची उंच शेगडी म्हणजे 'रविवारचा नवरा'. जे नाटक चाललं, त्याच्या पैशातून जी वस्तू आली तिला त्याचंच नाव पडायचं. हर्मिने लग्न होऊन आली त्या आठवड्यात ओटिलीबाईंनी तिला सहज सांगितलं होतं, "पोरी, तू जरा सासूवर बस, मी कॉफी घेऊन येते," आणि ती बिचारी कॉफी येईपर्यंत उभीच राहिली होती.

आता तिला सगळं पाठ झालं होतं. शेवटची दोन नाटकं मात्र पाठ करण्यासारखी नव्हती. 'लाडका बिगुलवाला' मधून काहीच आलं नाही. 'खोटा राजदूत' मधून छत्र्या ठेवायचं एक पितळी भांडं आलं, तेही गळकं. व्हिएन्नातल्या फ्लोरा थिएटरच्या मालकांनी तेव्हाच पापांच्या खांद्यावर हात ठेवून अतिशय प्रेमानं सांगितलं होतं की मायस्टर, पुढचं नाटक तुमचंच, पण ते पडलं तर त्याच्या पुढचं दुसऱ्या कुणाचं तरी.

पापा म्हणजे हर्मिनेचे सासरे, संगीतकार कायेटान व्होटावा. गोल पोट, मेण लावलेल्या मिशा, आणि जगात दोनच प्रकारची माणसं असतात असा ठाम समज: पहिल्या रात्री येणारी आणि फुकट पास मागणारी. पुढच्या नाटकाचं नाव 'बेपत्ता काउंट' असं ठरलं होतं. पहिल्या अंकात काउंट बेपत्ता होतो. दुसऱ्यात तो कोचमनच्या वेशात स्वतःच्याच घरच्या नाचाला येतो आणि स्वतःच्याच बायकोबरोबर नाचतो. तिला तो ओळखू येत नाही, कारण त्यानं मिशा काढलेल्या असतात. अंकाच्या शेवटी दोघांचं कडाक्याचं भांडण. तिसऱ्यात कुणीतरी म्हातारा येतो, विनोद करतो, सगळ्यांची मनं जुळवतो आणि लोक आपापले कोट घ्यायला जातात. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. सगळा डोलारा उभा होता तो दुसऱ्या अंकातल्या नाचाच्या वॉल्ट्झवर, आणि तोच पापांना सुचत नव्हता. उन्हाळा गेला, द्राक्षं उतरली, नवी वाइन आली, पण वॉल्ट्झ काही येईना.

तो आला एका सकाळी, हर्मिनेच्या तोंडून.

बुर्गीला वरचे दात येत होते. पोर दहा महिन्यांचं, पण रडायला बसलं की वीडेन पेठेतली अख्खी गल्ली खिडक्या लावून घ्यायची. हर्मिने शिक्षिका होण्याचा अभ्यास केलेली. बालसंगोपनाचं एक जाडजूड पुस्तक तिनं दोनदा वाचलं होतं आणि त्यात सांगितलेल्या सगळ्या आजारांची लक्षणं तिला बुर्गीत आळीपाळीनं दिसत. पोर रडलं की मेंदूज्वर, गप्प बसलं की त्याहून वाईट. त्या पुस्तकातला एकही उपाय लागू पडत नव्हता. लागू पडायची एकच गोष्ट: खिडकीशी उभं राहून, पोरीला खांद्यावर टाकून, एक जुनीशी चाल गुणगुणायची. ती चाल आपण कधी शिकलो हे हर्मिनेला आठवत नव्हतं. ती तोंडात होती, बस्स. आधी हळूच वर चढायची, मग काहीतरी विसरल्यासारखी क्षणभर थांबायची आणि उसासा टाकून खाली यायची. त्या उसाशापर्यंत बुर्गी झोपलेली असायची.

त्या सकाळी पापांच्या खोलीचं दार उघडलं. ते उंबऱ्यात उभे राहिले, अंगात झगा, दातांत पेन्सिल. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि दार लावून घेतलं.

दुपारी राणीवर उकडलेलं बीफ आणि किसलेल्या मुळ्याची वाटी आली, तरी ते जेवायला बसेनात. पियानोशी जाऊन म्हणाले, "सापडला."

आणि वाजवला. तीच चाल. नटलेली, उंच टाचांचे बूट घातलेली, हातात पंखा घेतलेली, पण तीच. ओटिलीबाईंच्या हातातला डाव वाढता वाढता थांबला. हुगो, हर्मिनेचा नवरा, रेल्वे खात्यात कारकून. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, म्हणून त्यानं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. आणि हर्मिनेच्या मांडीवर सकाळपासून कुरकुरणारी बुर्गी दुसऱ्या ओळीला मान टाकून गाढ झोपली.

पापांनी पियानोवरून वळून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

"आजारी आहे का ती?"

"नाही पापा. दमलीय," हर्मिने म्हणाली.

"दहा महिन्यांच्या पोरीला दमायला काय झालं?" असं विचारून ते जेवायला बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी घराला फर्मान सोडलं. पहिल्या रात्रीपर्यंत या वॉल्ट्झचा एकही सूर या चार भिंतींबाहेर जाता कामा नये. गायिकेलासुद्धा तो अगदी शेवटच्या तालमींना मिळेल. कोपऱ्यावर दांडा फिरवून पेटी वाजवणारा हातपेटीवाला बसतो, त्याचे कान सशाचे. समोरच्या घरात तो दुसरा संगीतकार टाश्नर राहतो, त्याचे कान तर त्याच्या नाटकांतूनच दिसतात. तेव्हा गुणगुणायचं नाही, शिट्टी वाजवायची नाही, आणि खिडकीशी तर मुळीच नाही. हे शेवटचं बोलताना त्यांनी हर्मिनेकडे पाहिलं. पण ती चाल आपण तिच्याकडूनच उचलली हे त्यांना आठवतंय असं काही त्या नजरेत नव्हतं. बहुधा खरंच आठवत नसावं. संगीतकाराच्या डोक्यात एखादी गोष्ट गेली की ती तिथंच जन्मली असं त्याला वाटतं.

अशा रीतीनं बुर्गीची अंगाई सरकारजमा झाली.

पोरगी रडायला लागली. ती पुढं किती दिवस रडत होती ते शेजाऱ्यांना विचारावं. हर्मिनेनं दुसऱ्या चाली लावून पाहिल्या. पापांच्याच नाटकांतलं हुझार घोडेस्वारांचं कवायतगीत लावलं, तेव्हा बुर्गी उठून बसली. 'रविवारचा नवरा' मधलं द्वंद्वगीत लावलं, तर ती आणखी चिडली, आणि भिंतीपलीकडून पापांनी विचारलं की ती नेमकी कुठल्या ओळीला चिडली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन हर्मिने घरभर फिरत राहिली. पण झोप तिचीही उडाली होती ती काही फक्त पोरीच्या रडण्यानं नव्हे.

ती चाल आपली नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपल्याला चाली सुचत नाहीत. आपल्याला फक्त काळज्या सुचतात. म्हणजे ती कुठंतरी ऐकलेली असणार. बागेतल्या लष्करी बँडकडून? हातपेटीवरून? का एखाद्या नाटकात, आणि नाटकात म्हणजे कुणाच्या? फ्लोरा थिएटरच्या गॅलरीची रीत अख्ख्या शहराला माहीत होती. वरच्या स्वस्त जागी उभी राहणारी ती मंडळी तीस-तीस वर्षं एकही पहिली रात्र न चुकवणारी. एखादी चाल ओळखीची वाटली, की ते शिव्या देत नसत, शिट्ट्या मारत नसत. मूळ मालकाचं नाव घेऊन वरून अदबीनं रामराम घालत: "सर्व्हुस, अमुकतमुक!" मागच्या हिवाळ्यात एका तरुण संगीतकाराच्या पहिल्याच अंकात गॅलरीनं तीन मालकांना रामराम घातला, त्यांतले दोन वारलेले होते. तो तरुण आता ग्राझमध्ये पियानो दुरुस्त करतो असं म्हणत.

पापांवर ती वेळ आली तर? हे शेवटचं नाटक. आणि चोरीचा माल घरात आणला कुणी, तर सुनेनं. सांगावं तर ते वॉल्ट्झ काढून टाकणार, दुसरा सुचायला पुढचा उन्हाळा उजाडणार. न सांगावं तर गॅलरी सांगणार.

तिनं हुगोला विचारलं, की मी बुर्गीला गाते ती चाल कुठली? तो म्हणाला, तीच ना, तू नेहमी गातेस ती. यापुढं त्याची माहिती जाईना.

मग ती रोज बाबागाडी घेऊन बागेत बँड ऐकायला जाऊ लागली. लोकांना वाटलं, मायस्टरांच्या सुनेला संगीताचं काय वेड. ती प्रत्येक तुकड्याला जीव मुठीत धरून बसायची आणि तो संपला की सुटकेचा श्वास टाकायची. बँडमास्तरला शंका आली की बाईंना आपलं वाजवणं सहन होत नसावं.

अशाच एका दुपारी बुर्गीनं बाबागाडीत असा सूर लावला की कबुतरं उडाली. येणारेजाणारे थांबून पाहू लागले. एका म्हातारीनं पोरीला टाचणी टोचतेय का बघायला सांगितलं, दुसरीनं कोबीचं पाणी सुचवलं. घाम फुटलेल्या हर्मिनेनं इकडं तिकडं पाहिलं, गाडीत डोकं घातलं आणि अगदी ओठांतल्या ओठांत दोनच ओळी गुणगुणली. बुर्गी गप्प झाली. हर्मिनेनं डोकं वर काढलं, तर समोर टोपी हातात घेऊन टाश्नरसाहेब उभे.

हे समोरच्या घरातले टाश्नर. पापांचे चाळीस वर्षांचे मित्र आणि वैरी. कॉफीगृहात दोघांची टेबलं शेजारी शेजारी, आणि एकाचं नाटक पडलं की दुसरा त्याला केक पाजल्याशिवाय, म्हणजे कॉफीत बुडवून बुडवून खाऊ घातल्याशिवाय सोडत नसे.

"फार गोड," टाश्नर मान तिरकी करून म्हणाले. "कुठली चाल म्हणायची ही?"

"आमच्या दाईची," हर्मिने म्हणाली. आयुष्यात तिनं दाई ठेवली नव्हती.

"असं? मी ही कुठंतरी ऐकलीय, फ्राऊ हर्मिने." त्यांनी डोळे मिटले, बोटांनी हवेत काहीतरी चाचपलं. "कुठं बरं... आठवेल, आठवेल. म्हातारपणी आठवणी उशिरा येतात, पण येतात." टोपी घालून ते गेले.

ती घरी कशी आली तिलाच माहीत. स्वयंपाकघरात ओटिलीबाई स्ट्रुडलचं पीठ ताणत होत्या. टेबलभर पांढरी चादर, तिच्यावर पीठ, आणि पिठाखाली दोन्ही हातांच्या मुठी घालून त्या ते चहूकडून ओढत होत्या. त्यांचं पीठ इतकं पातळ व्हायचं की खाली ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता यावं, आणि लग्नापासून त्यात एकदाही भोक पडलेलं नाही असा घराण्याचा लौकिक होता. हर्मिनेनं बाबागाडी भिंतीशी लावली, स्टुलावर बसली आणि रडत रडत सगळं ओकून टाकलं. अंगाई, फर्मान, गॅलरी, सगळं. बागेतलं तेवढं सांगायचं राहिलं.

ओटिलीबाई ताणतच राहिल्या.

"दुसऱ्या अंकातच काय रडायला बसलीस," त्या म्हणाल्या. "अजून म्हातारा यायचाय."

"ममा, थट्टा नका करू. ती चाल दुसऱ्या कुणाचीतरी आहे."

"आहेच मुळी. थांब, ऐक."

मागच्या जिन्यावरून हुगोची पावलं वाजत होती. कचेरी सुटली की तो मागच्या बाजूनंच यायचा, कोळशाची बादली भरून घेऊन. आणि बादलीच्या तालावर, आपण काय करतोय याचा पत्ता नसलेल्या माणसाच्या समाधानानं, तो शिट्टी वाजवत होता. आधी हळूच वर, मग विसरल्यासारखं थांबणं, मग उसासा.

हर्मिने स्टुलावरून उठली. "हुगो वाजवतो? तो तर म्हणतो मला शिट्टी येतच नाही."

"बापासारखाच आहे. तोंडातून काय निघतं ते कानाला कळत नाही. तू त्याच्याकडून घेतलीस. त्याला कुणी दिली?" ओटिलीबाईंनी पिठाखालून एक मूठ काढून स्वतःच्या छातीवर आपटली. पांढरा ठसा उमटला. "दात येताना तो बुर्गीहून मोठ्यानं रडायचा."

"आणि तुम्हाला?"

ओटिलीबाईंनी आधी दार लोटून घेतलं. मग त्यांनी जे नाव घेतलं ते या घरात तीस-बत्तीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं: 'डोंगरातली राजकन्या'. कायेटान व्होटावाचं सगळ्यांत पहिलं नाटक. आठवड्यात उतरलेलं. त्याच्यावर घरात सुतळीचा तोडासुद्धा आला नाही, म्हणून त्याच्या नावाचं काही सामानही नव्हतं.

"राजकन्या गुराखिणीच्या वेशात," त्या सांगू लागल्या. "मालकाला वाटलं, खरी शेळी आणली तर लोक खूश होतील. लोक झालेच. गायिकेच्या हातात कागदी फुलांचा गुच्छ होता. तिनं वॉल्ट्झ सुरू केला आणि शेळीनं गुच्छ. गुच्छ संपल्यावर कमरेचा पट्टा. लोक पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत नुसते लोळत होते. इतका सुंदर वॉल्ट्झ, पण कुणी ऐकलाच नाही. मी ऐकला. मी दोरी धरून उभी होते ना."

ती दोरी मात्र हर्मिनेला माहीत होती. कोरसमधल्या एका मुलीच्या हातून दोरी सुटली, तिला झापायला पापा पडद्यामागं गेले आणि पुढच्या वर्षी तिच्याशी लग्न करून बसले, ही गोष्ट दर नाताळात सांगितली जायची. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय होतं, हे तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. आता एकेक कोडं उलगडत गेलं. घरात शेळीचं चीज का येत नाही. शोनब्रुनच्या प्राणिबागेत पापा सिंह, हत्ती सगळं बघतात आणि एका कोपऱ्याला मात्र लांबून वळसा का घालतात.

"म्हणजे चाल त्यांचीच," हर्मिने म्हणाली. काखेत कळसा, आणि ती बाबागाडी ढकलत अख्ख्या शहराला वळसा घालून आली होती. "मग त्यांना सांगून टाकू या ना."

"सांगितलं तर आजच्या आज काढून टाकेल. चोरी परवडली त्याला, ती शेळी नाही परवडणार. मी इतकी वर्षं वाट पाहत होते की हा कधीतरी ती चाल परत ऐकेल. ऐकली, तर आपली म्हणून ओळखली नाही. बरं झालं. आता तशीच जाऊ दे. तेव्हा कुणी ऐकली नव्हती, आता कुणी ओळखणार नाही."

"पण टाश्नरसाहेब तर म्हणाले, मी ही कुठंतरी ऐकलीय."

ओटिलीबाईंच्या मुठी थांबल्या. पिठाच्या मधोमध, वर्तमानपत्रातल्या बाजारभावांच्या बरोब्बर वर, एक भोक पडलं आणि हळूहळू मोठं होत गेलं.

"टाश्नर," त्या म्हणाल्या, "तेव्हा आमच्याकडे वाद्यवृंदात दुसरं व्हायोलिन वाजवायचा."

पहिल्या रात्रीपर्यंत दोघी सासूसुना एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या. करण्यासारखं काहीच नव्हतं. ओटिलीबाईंनी एक गोष्ट तेवढी केली: बुर्गी रडायला लागली की त्या हर्मिनेला पोरीसकट साठवणीच्या कोठीत ढकलायच्या आणि बाहेरून दार लावून घ्यायच्या. मग आत, जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या आणि टांगलेल्या सॉसेजच्या माळांमध्ये उभी राहून हर्मिने चोरून अंगाई म्हणायची. पोर झोपायचं. बाहेर आल्यावर दोघींच्या अंगाला लसणाचा वास यायचा, आणि पापा विचारायचे की हल्ली बुर्गी अचानक शहाणी कशी झाली.

आणि मग ती रात्र आलीच. बुर्गीला खालच्या मजल्यावरच्या विधवा बाईंकडे ठेवून, त्यांना सहा सूचना देऊन, जिन्यातून दोनदा परत जाऊन हर्मिने थिएटरात पोचली. बॉक्समध्ये ती, हुगो आणि ओटिलीबाई. खाली वाद्यवृंदासमोर पापा. वरून त्यांचं टक्कल आणि कोटाच्या शेपट्या तेवढ्या दिसत होत्या. आणि तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पांढरे कल्ले विंचरून टाश्नरसाहेब.

पहिला अंक ठीक गेला. काउंट वेळेवर बेपत्ता झाला. गॅलरीनं कुणाला रामराम घातला नाही, पण फारशा टाळ्याही वाजवल्या नाहीत. मध्यंतरात थिएटरचे मालक बॉक्समध्ये आले, सगळ्यांच्या हातांचं चुंबन घेऊन गेले आणि 'बघू या' म्हणाले, ते कुणालाच आवडलं नाही.

दुसरा अंक. झुंबरं, नाच, मिशा काढलेला काउंट. काउंटेस पुढं आली. पापांचा हात वर गेला आणि खाली आला, आणि हर्मिनेची अंगाई तिच्या डोळ्यांदेखत चाळीस वाद्यांवर चढली. आधी हळूच वर. मग ते थांबणं. त्या थांबण्यात थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग उसासा, आणि हजार माणसांनी तो आपापल्या छातीतून टाकला. हर्मिने रांगेरांगेनं चेहरे तपासत होती. कुणाच्या कपाळाला आठी पडते, कुणाचे ओठ हलतात. टाश्नरांचे डोळे मिटलेले होते आणि बोटं हवेत काहीतरी चाचपत होती.

वॉल्ट्झ संपला आणि थिएटर कोसळलं. वन्समोर, वन्समोर, खालच्या रांगांतून, बॉक्समधून, गॅलरीतून. मालक पडद्याच्या फटीतून डोकावून हसत होते. पापांनी वाकून मुजरा केला, ताल द्यायची काठी पुन्हा उचलली. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत टाश्नरांचे डोळे उघडले. लख्ख. हर्मिनेनं ते उघडताना पाहिले आणि ओटिलीबाईंचा हात धरला.

टाश्नर खुर्चीत थोडे पुढं सरकले, तोंडावर हात धरला आणि अगदी स्पष्ट, अगदी प्रेमानं म्हणाले:

"मेऽऽऽ."

पापांची काठी हवेत राहिली.

तरुण मंडळी इकडं तिकडं पाहू लागली, काय झालं कुणाला कळेना. पण वर गॅलरीत एक म्हातारा खुदकन हसला. मग त्याच्या शेजारचा. मग तिसऱ्यानं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, ते कानाकानानं कठड्यावरून धावत गेलं, आणि गॅलरीनं आपल्या रीतीप्रमाणं मूळ मालकाचं नाव घेऊन रामराम घातला:

"सर्व्हुस, व्होटावा!"

हर्मिनेला पापांची मान तेवढी दिसत होती. ती लाल झाली, मग पांढरी, मग पुन्हा लाल. तिला वाटलं, आता ते काठी ठेवतील आणि निघून जातील. पण ते वळले. आधी त्यांनी तिसऱ्या रांगेत टाश्नरांना शोधून काढलं. मग त्यांची नजर चढत चढत बॉक्सपर्यंत आली, आणि तिथं थांबली. तीस वर्षांत जे कानांना कळलं नव्हतं ते तिथं त्यांना एकदम कळल्यासारखं दिसलं.

ओटिलीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी हात पुढं केला आणि मूठ घट्ट आवळून धरली, एखादी दोरी धरावी तशी. या खेपेला सोडणार नाही, अशी.

पापांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. ते हसत होते. टाश्नरांकडे पाहून त्यांनी खोल मुजरा केला, वाद्यवृंदाकडे वळले आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला शेळीशिवाय."

त्या रात्री तो वॉल्ट्झ किती वेळा झाला याबद्दल दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एकमत नव्हतं. तिसऱ्या अंकातला म्हातारा मात्र फुकट गेला; तो आला तेव्हा लोक अजून दुसराच अंक गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी जेवायला टाश्नर आले, हातात केकचा पुडा आणि चेहऱ्यावर विजय. नाटक चाललं तर केक आणायचा नसतो, असं पापांनी बजावलं. पण पुडा ठेवून घेतला. दोघं बराच वेळ भांडले: शेळी पांढरी होती का करडी. ओटिलीबाई म्हणाल्या करडी, आणि या विषयात त्यांचाच शब्द शेवटचा धरला गेला. हुगो म्हणाला, ही चाल मला ओळखीची वाटते. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"मग फर्मान उठलं का पापा?" हर्मिनेनं विचारलं. बुर्गी तिच्या मांडीवर चमचा आपटत होती. हर्मिनेनं सकाळीच तिच्या हिरड्या तपासल्या होत्या. आणखी एक दात येत होता, म्हणजे पुढचे आठ दिवस कसे जाणार ते दिसतच होतं.

पापांना उत्तर द्यायची गरज पडली नाही. खाली कोपऱ्यावरच्या हातपेटीवाल्यानं, काल रात्री तो नक्की कुठं उभा होता देव जाणे, दांडा फिरवायला सुरुवात केली. आधी हळूच वर. बुर्गीच्या हातातला चमचा खाली पडला, आणि दुसऱ्या ओळीला तिनं राणीवर मान टाकली.

पापांनी काटा खाली ठेवला.

"दुसऱ्या ओळीला," ते खिन्नपणे म्हणाले. "शेळीनंसुद्धा शेवटपर्यंत ऐकला होता."

"ती जेवत होती, कायेटान," ओटिलीबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक झाकलेली बशी त्यांच्यापुढं सरकवली. झाकण काढलं तर आत शेळीचं चीज, वर मिरपूड आणि कांद्याच्या चकत्या. पापांनी बशीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, सुरीच्या टोकावर थोडंसं घेतलं आणि डोळे मिटून खाल्लं.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले, आणि बशी पुढं ओढली.